कन्व्हर्ट करून दिल्याबद्दल आभार

श्री. कन्व्हर्टरशेठ यांस,
मु. पो. सर्वत्र.

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण पाठवलेली हार्डडिस्क मिळाली. हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचं अख्खं लग्न आपण 'एडिटिंगला रेडी' करून धाडलंत, आणि वर 'तुमचं काम हलकं केलंय' असा निरोपही ठेवलात. काम खरोखरच हलकं झालं आहे. एडिट करण्यासारखं फारसं काही उरलंच नाही.

आपलं नाव इथे घालत नाही. तशी गरजही नाही. लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या ओळखीत आपला एक तरी अवतार निघतोच. कधी आपण शूटिंगवाल्याचे असिस्टंट असता, कधी नवऱ्या मुलाचे मावसभाऊ, तर कधी 'त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं' अशी ख्याती असलेले शेजारी. रूपं अनेक, लीला एकच. कॅमेऱ्यातून निघालेलं फुटेज एडिटरच्या हाती जसंच्या तसं पडू द्यायचं नाही.

कन्व्हर्ट करण्यालाच माझा विरोध आहे, असा गैरसमज मात्र करून घेऊ नका. त्याला एकेकाळी सबळ कारण होतं, आजही काही वेळा असतं. एव्हीसीएचडी हा प्रकार २००६ साली आला. कार्डावर जास्तीत जास्त शूटिंग मावावं म्हणून त्यात एक हुशारी केलेली आहे. पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदातून एकदाच साठवायचं आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच टिपून ठेवायचं. त्यामुळे सेकंदाला २४ मेगाबिटमध्ये फुल एचडी बसतं, म्हणजे तासाला अकराएक जीबी. बघायला झकास. कापायला बसलं की पंचाईत, कारण जिथे कट मारायचा तिथली फ्रेम स्वतःच्या पायावर उभीच नसते. ती दाखवण्यासाठी कॉम्प्युटरला मागच्यापुढच्या फ्रेम उलगडून हिशेब मांडावा लागतो. तेव्हाची मशिन्स या हिशेबाला धापा टाकायची. टाइमलाइनवर स्पेसबार दाबला की भटजी एक मंत्र म्हणायचे आणि पुढचा मंत्र चहा पिऊन आल्यावर.

यावर उतारा म्हणून एडिटिंगचे खास कोडेक वापरात आले. अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचडी २००४चा, अ‍ॅपलचा प्रोरेस २००७चा. आपल्याकडे एडियसवर लग्नं करणाऱ्यांनी कॅनोपस एचक्यूमध्ये किती एव्हीआय बनवल्या असतील त्याची गणतीच नाही. या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण आणि स्वतंत्र असते. त्याची किंमत जागेत मोजायची. २५ फ्रेमच्या फुल एचडीला साधा प्रोरेस ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट खातो, तासाला सुमारे ५५ जीबी. फाइल पाचपट फुगते. चित्र त्याने तसूभरही सुधारत नाही, फक्त टाइमलाइन अडखळायची थांबते. सौदा इतका साधा आहे: जागा द्या, वेग घ्या, चित्र आहे तसं राखा.

आपण हा सौदा वाचलात आणि नेमका उलटा केलात. तासाला अकरा जीबीच्या फाइली पाचपट मोठ्या व्हायच्या त्या तीनपट लहान करून दाखवल्यात. एच.२६४मधून उचललं, पुन्हा एच.२६४मध्येच ओतलं, सेकंदाला आठ मेगाबिट. म्हणजे कापायला जो त्रास होता तो तसाच, आणि चित्रातलं बारीक काम मात्र गेलं. शालूवरची बुट्टी गेली, मुंडावळ्यांचे मोती एकमेकांत विरघळले, मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना चेहरेच राहिले नाहीत. 'पण मोबाइलवर बघितलं तर चांगलं दिसतं,' असं आपलं म्हणणं. दिसणारच. मोबाइलवर सगळ्यांचंच लग्न चांगलं दिसतं. एलईडी टीव्ही घेऊन बसलेला मुलीचा बाप फोन करतो तो आपल्याला नव्हे, मला.

आता कार्डाकडे वळू. एव्हीसीएचडीचं कार्ड उघडलं की 'प्रायव्हेट' नावाचं फोल्डर दिसतं. आपण सुसंस्कृत असल्याने खासगी फोल्डरात डोकवायचं नाही म्हणून आधी थांबलात, मग डोकावलात, आणि आत आणखी फोल्डर बघून वैतागलात. 'स्ट्रीम' नावाच्या शेवटच्या खोलीत एमटीएस फाइली सापडल्या. तेवढ्या उचलल्यात आणि बाकीचा 'कचरा' फेकून दिलात. त्या कचऱ्यात कोणता तुकडा कोणाच्या पुढे जोडायचा याची नोंद होती. कार्डावरच्या फॅट३२ पद्धतीत एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून कॅमेरा सलग शॉटचे तुकडे करत जातो. काही कॅमेरे तर दोन जीबीलाच कापतात. अख्ख्या फोल्डरसकट एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला दिलं की ते हे तुकडे बेमालूम जोडतं. सुटे सुटे कन्व्हर्ट केले की सांध्यावर आवाजाचे काही क्षण गळतात. आपण दिलेल्या डिस्कमध्ये सांधा नेमका कुठे यावा? गुरुजी 'शुभमंगल साव' म्हणतात, क्षणभर शांतता पसरते, आणि मग नुसतं 'न' ऐकू येतं. वधूवर आणि वऱ्हाड कशापासून सावध राहायचं ते न कळताच टाळ्या वाजवतात.

हे तरी परवडलं. आपली खरी कर्तबगारी त्यापुढची. कार्ड फॉरमॅट करून पुन्हा घातलं की बहुतेक असे कॅमेरे नंबर पुन्हा शून्यापासून सुरू करतात. त्यामुळे प्रत्येक कार्डावर पहिली फाइल असते ती पाच शून्यांची. हळदीच्या कार्डावर पाच शून्यं, लग्नाच्या कार्डावर पाच शून्यं, वरातीच्या कार्डावरही पाच शून्यं. आपण तिन्ही कार्डं एकाच फोल्डरात ओतलीत. कॉम्प्युटरने अदबीने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मांडवात जेवणाच्या पंगती उठायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून आपण 'सगळ्यांना हो' म्हणालात. हळदीवर लग्न बसलं आणि लग्नावर वरात. आत्या उखाणा घ्यायला उभी राहते त्या ठिकाणी आता बँड वाजतो. घरच्यांनी आत्याचा उखाणा कुठे म्हणून विचारलं, तर सांगा काय उत्तर देऊ? मी सध्या 'कॅमेऱ्यात आलाच नाही' असं सांगतो आहे, आणि आत्या शूटिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडते आहे. त्या बिचाऱ्याने उखाणा घेतला होता, फोकससकट.

फ्रेमरेटचं प्रकरण मात्र जरा सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण तिथे आपली प्रतिभा विशेष खुलली आहे.

आपल्या देशात व्हिडिओचा हिशेब पालच्या काळापासून सेकंदाला २५ फ्रेमचा. लग्नाचे दोन्ही मुख्य कॅमेरे २५वरच चालले होते. आपल्या कन्व्हर्टरमध्ये मात्र आधीपासून '३०' निवडलेलं होतं, आणि ३० हा २५पेक्षा मोठा आकडा असल्याने आपण तो राहू दिलात. जास्त फ्रेम म्हणजे जास्त क्वालिटी, असा आपला हिशेब. सेकंदाला पाच फ्रेम कमी पडतात, त्या येणार कुठून? कन्व्हर्टरने दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा छापली. म्हणून आपल्या फाइलमध्ये नवरा मंडपात येताना सेकंदाला पाच वेळा दचकतो. लग्नाच्या दिवशी नवरा थोडा दचकणारच, हे मान्य. पण करवल्या, घोडा आणि मांडवावरचं झुंबर असे सगळे एकाच तालात दचकले तर पाहणाऱ्याला शंका येते.

बरं, माझा प्रोजेक्ट २५चा. त्यात आपली ३०ची फाइल टाकली की सॉफ्टवेअर दर सहांतली एक फ्रेम गाळतं. 'म्हणजे झालं की बरोबर, घातलेली काढली,' असं आपण म्हणाल. घातलेलीच निघेल अशी हमी कोण देणार? बऱ्याचदा खरी फ्रेम उडते आणि नक्कल तिथेच ठाण मांडून बसते. आधी एकदा दचकणारा नवरा मग दचकून उडीही मारतो. तरी बरं, आपण 'फ्रेम ब्लेंडिंग' नावाच्या चौकोनावर बरोबरची खूण केली नाहीत. ती केली असती तर दोन फ्रेम एकमेकींत मिसळून प्रत्येक वऱ्हाड्यामागे त्याचंच भूत चाललं असतं.

अमेरिकेहून आलेल्या आतेभावाच्या कॅमेऱ्याची गोष्ट आणखी न्यारी. तिथला हिशेब ना ३०चा ना २५चा. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून ३०चे २९.९७ केले गेले, आणि ते लोढणं जगातल्या एडिटरांच्या गळ्यात आजतागायत आहे. फरक हजारांत एकाचा. आपण २९.९७चं चित्र ३०च्या चालीने पळवलंत आणि आवाज होता त्याच चालीने ठेवलात. हजारांत एक म्हणजे तासाला ३.६ सेकंद. पाहुण्यांच्या शुभेच्छांचा एक तासाचा सलग शॉट होता. सुरुवातीला सगळं जुळतं. शेवटाला पोचेपर्यंत काका तोंड मिटून खाली बसलेले असतात आणि त्यांचा आशीर्वाद मागून येत राहतो.

आता इंटरलेस. आपल्या भाषेत 'ते रेषा रेषा येतात ते'.

मुख्य कॅमेऱ्यांपैकी एक ५०आयवर होता. याचा अर्थ एका सेकंदात ५० अर्धी चित्रं, म्हणजे फिल्ड, प्रत्येकात ५४० ओळी. आधी एकाआड एक ओळी टिपायच्या, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. हे दोन्ही अर्धे दोन वेगळ्या क्षणांचे आहेत हे जोवर सॉफ्टवेअरला ठाऊक आहे, तोवर काही बिघडत नाही. त्यातून ५० पूर्ण फ्रेम चांगल्या उभ्या करता येतात आणि हालचाल लोण्यासारखी राहते. आपण काय केलंत? डीइंटरलेस न करताच १०८०चं ७२० केलंत. आकार लहान करताना सम आणि विषम ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या. आता कोणती ओळ कोणत्या क्षणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, माझ्या मशिनचं काय घेऊन बसलात.

अक्षता पडतात त्या शॉटवर मी थांबलो आणि चित्र चारशे टक्के मोठं करून पाहिलं. तांदळाचा एक दाणा नवरीच्या खांद्याजवळ हवेत होता. तो एक नव्हता, दोन होते. एक वर, एक खाली, दोन्ही अर्धवट, दोन्हींच्या कडेला कंगव्यासारखे दात, आणि त्या दातांवर लहान करताना आलेला धूसरपणा. असे शेकडो दाणे. त्यांच्या मागे नवरीचा हात, त्यालाही दात. हिरव्या चुड्यातल्या बांगड्या मोजायला गेलो तर दुप्पट भरल्या. सासरच्यांनी इतक्या घातल्या नव्हत्या, हे मी त्यांना कसं पटवून देऊ? जिथे कुणी हलत नाही तिथे चित्र ठीक आहे. म्हणजे आपल्या फाइलमध्ये लग्न बघायचं तर सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायला हवं होतं. तशी सूचना आधी दिली असतीत तर गुरुजींनी मंगलाष्टकांच्या मध्ये माइकवरून सांगितलीही असती.

रंगांचं थोडक्यात. एचडीचे रंग बीटी.७०९ या मानकाने मोजतात, जुन्या एसडीचे ६०१ने. आपल्या कन्व्हर्टरने फाइलवर चुकीची पाटी लावली, त्यामुळे शालूचा हिरवा आणि कुंकवाचा लाल थोडे थोडे सरकले. काळा आणि पांढरा यांच्या मर्यादाही ओढाताणीत गेल्या, म्हणून नवऱ्याचं उपरणं एक कोरा पांढरा ठिपका झालं आहे आणि मामाच्या काळ्या कोटाला घडीच उरली नाही. एक फाइल १४४०चीही निघाली. तिच्यातले पिक्सल आडवे ताणून दाखवायचे असतात. आपण ताणले नाहीत. व्याही, विहीण, आचारी, सगळे सडपातळ झाले. एवढा एक बदल घरच्यांना मनापासून आवडला आहे.

आणि तो कन्व्हर्टर! फुकटातला होता हे कळायला मला फार विचार करावा लागला नाही. कन्यादानाच्या पूर्ण शॉटवर, बापाच्या ओंजळीपासून मुलीच्या कपाळापर्यंत, तिरप्या अक्षरांत 'ट्रायल व्हर्जन' असं उमटलं आहे. नव्या संसाराला इतका समर्पक शेरा मी तरी आजवर वाचला नव्हता.

हे सगळं फोनवर कळवलं तेव्हा आपण दिलेली तोड तर लाजवाब होती. 'एवढंच ना? थांबा, प्रोरेसमध्ये करून देतो.' आणि खरंच, आठ मेगाबिटच्या त्याच फाइलींवरून आपण प्रोरेस बनवून पाठवलीत, तीही ४केमध्ये. डिस्क दुसरी लागली. शेठ, गुऱ्हाळात चिपाडं मोठ्या चरकात घातली म्हणून रस जास्त निघत नाही. कॉम्प्रेशनने जे टाकून दिलं ते गेलं. नंतर कोडेक कितीही राजेशाही घ्या, तो फक्त उरलेल्या अवशेषांची पक्की नक्कल करतो, दातांसकट, ट्रायल व्हर्जनसकट. ४:२:०मध्ये टिपलेल्या रंगाला ४२२च्या फाइलीत बसवल्याने नवा रंग येत नाही. ड्रोनवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिपही आपण त्याच प्रेमाने ४के केलीत. गावाच्या वेशीवरून वर जाणारा तो शॉट आता भरपूर मोठा आहे, आणि त्यातली घरं चौकोनी ठोकळ्यांची आहेत.

म्हणून मी शेवटी एकच मागणी केली: मूळ कार्डं द्या, मी माझं बघतो.

आपलं उत्तर मी जसंच्या तसं आठवतो, कारण त्यात एक प्रकारची निरागसता होती. 'ती तर फॉरमॅट केली. कन्व्हर्ट झालं होतं ना, मग ठेवून काय करायचं?'

इथे माझं हसू थांबतं. वरचे सगळे गुन्हे माफ होते. एखाद्या हौशी माणसाला फिल्ड आणि फ्रेम कळत नसेल तर त्यात पाप नाही. भल्याभल्यांना कळत नाही, आणि कॅमेरे बनवणाऱ्यांनीही ते कळावं अशी फारशी काळजी घेतलेली नाही. मूळ फुटेज शाबूत असतं तर आपली सगळी करामत मी डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवून सुरुवातीपासून बसलो असतो. कन्व्हर्ट केलेली फाइल ही कामचलाऊ वस्तू आहे. ती बिघडली तर फेकायची आणि मुळावरून पुन्हा बनवायची. ती पहिली आणि शेवटची प्रत झाली की तिच्यातला प्रत्येक दोष त्या लग्नाचा कायमचा भाग होतो. उखाणा दुसऱ्यांदा घेता येईल. 'सावधान' दुसऱ्यांदा म्हणायला कोण तयार होईल?

आपल्याला पुन्हा कधी मदतीची उबळ आलीच, तर तिच्यासाठी निरुपद्रवी वाटाही आहेत. कार्ड आहे तसं, प्रायव्हेट फोल्डरसकट, प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर करून डिस्कवर उतरवा. फोल्डरला 'हळद कॅमेरा १' असं नाव द्या, आतल्या फाइलींची नावं मात्र बदलू नका. एमटीएस एखाद्या मशिनवर उघडतच नसेल तर चित्राला हात न लावता नुसतं वेष्टन बदलता येतं. एफएफएमपेग हे साधन २००० सालापासून फुकटात उपलब्ध आहे, त्यात 'कॉपी' म्हटलं की एमटीएसची एमओव्ही होते, एक पिक्सलही हलत नाही, आणि वेळ फाइल कॉपी करण्याइतकाच लागतो. त्याचं कुठलंही ट्रायल व्हर्जन नाही. एडिटरचं मशिन जुनं असेल तर त्यालाच विचारा, बाबा रे, तुला काय करून देऊ? तो कोडेक सांगेल, फ्रेमरेट सांगेल, फिल्डचं काय करायचं ते सांगेल. तो तेवढ्यासाठीच बसलेला असतो. आजच्या बहुतेक मशिनवर तर सॉफ्टवेअर स्वतःच हलक्या प्रॉक्सी बनवतं, त्यांच्यावर कापाकापी होते आणि शेवटी मूळ फाइलीवरून व्हिडिओ निघतो. म्हणजे आपल्या सेवेची गरजच पडत नाही. हे कळल्यावर आपल्याला वाईट वाटेल याची कल्पना आहे.

कळावे, लोभ असावा. पेनड्राइव्ह नसावा.

आपला,
एक मिक्सिंगवाला

ता. क. हे शेठजींसाठी नाही, लग्नघरच्या मंडळींसाठी आहे. व्हिडिओची ऑर्डर देताना अल्बमची पानं आणि ड्रोनचे तास ठरवता, तसं एक वाक्य आणखी लिहून घ्या: मूळ कार्डांची पूर्ण नक्कल आम्हाला मिळेल. दोन कॅमेऱ्यांचं मिळून दहा तास एव्हीसीएचडी शूटिंग म्हणजे २४ मेगाबिटच्या दराने १०८ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर अशी नऊ लग्नं मावतात, तेव्हा जागेची सबब चालवून घेऊ नका. आणि तयार व्हिडिओ हातात पडून तुम्ही तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मोठ्या टीव्हीवर, आत्याला शेजारी बसवून बघितल्याशिवाय कुणालाही कार्ड फॉरमॅट करू देऊ नका.